ढाकणे सरांचा तास

"शिकवणं बघायला येणारेत का पडदे? सकाळपासून दोनदा उतरवले अन् दोनदा चढवले. आता मलाच टांगा म्हणावं खिडकीला," गफूरभाई कपबशा विसळत पुटपुटत होते.

भूगोल विभागाचं चहाघर म्हणजे जिन्याखालची अडचणीची जागा. दोन माणसं उभी राहिली की एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. मी घरून आणलेल्या शंकरपाळ्या ताटलीत काढत होते, त्यामुळे गफूरभाई माझ्याशी बोलत होते की नळाशी, ते काही कळत नव्हतं.

"गफूरभाई, या बशीला तडा गेलाय."

"असू द्या वहिनी. ती समितीतल्या पुरुषाला देऊ. पुरुषमाणूस बशी बघत नाही." मग त्यांनी नळ बारीक केला. "सर येणार ना पण?"

"आलेत की. मीच घेऊन आले."

"आलेले बघितले मी. वर्गात जाणार का, ते विचारतोय."

"आज घसा बरा आहे," मी म्हटलं.

"हां. घसा," असं म्हणून त्यांनी नळ पुन्हा मोठा केला.

आमच्या विद्यापीठाचा उत्कृष्ट अध्यापक पुरस्कार वर्धापनदिनाला देतात. शाल, नारळ, मानपत्र आणि मोठ्या सभागृहाबाहेरच्या भिंतीवर कायमचा फोटो. पूर्वी तो पाळीनं मिळायचा. एक वर्ष विज्ञान, एक वर्ष वाणिज्य, एक वर्ष ज्याच्याविरुद्ध कुणीच बोलत नाही असा माणूस. त्या वर्षी नवे कुलगुरू आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की पुरस्कार शिकवण्याचा आहे तर समितीनं उमेदवाराला निदान एकदा शिकवताना बघावं. तेवढ्यावर म्हणे दोन विभागांनी आपली नावंच मागे घेतली.

आमच्या सरांचं नाव मागे घेतलं गेलं नाही. 'आमचे सर' म्हणजे माझा नवरा, प्राध्यापक निवृत्ती ढाकणे. लग्न झालं त्या आठवड्यात मी चेष्टेनं त्यांना सर म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. माझी शाळा नववीत सुटली होती. पुढचं सगळं स्वयंपाकघरात झालं. हिमालय कसा वर आला ते त्यांनी मला कणकेच्या उंड्याला दोन्हीकडून दाबून दाखवलं, आणि त्या दिवशीच्या पोळ्या वातड झाल्या तरी मुकाट्यानं खाल्ल्या. मग त्यांची पुस्तकं मी एकेक करून वाचत गेले. शंका विचारल्या की ते हातातलं काम टाकून सांगत. 'तुला काय करायचंय' असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्या तासाला इतिहासाची पोरं येऊन खिडकीत बसायची. तेव्हा नाव पाठवण्यात खोटं काही नव्हतं.

फक्त दीड वर्ष झालं, सरांनी एकही तास घेतला नव्हता.

हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. ते रोज वेळेवर यायचे, सही करायचे, खडूचा डबा घेऊन वर्गाच्या दारापर्यंत जायचे आणि तिथून परत फिरायचे. तास घ्यायचा भागवत. भागवत जोगदंड हा त्यांचाच विद्यार्थी, तासिका तत्त्वावर नेमलेला. म्हणजे जूनमध्ये घ्यायचं, एप्रिलमध्ये सोडायचं, पुन्हा जूनमध्ये बघायचं. कुणी विचारलं तर सगळे घशाचं सांगायचे. खैरनार मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, कधीकधी बीपी म्हणायच्या. मी खडूची धूळ म्हणायचे. कुणी कुणाला खोटं पाडत नव्हतं.

आणि मला तो फोटो भिंतीवर हवा होता. सेवानिवृत्तीला एक वर्ष उरलेलं. एकदा समितीसमोर आत गेले की सुटेल सगळं, असं मला वाटायचं. नाही गेले, तर पस्तीस वर्षांचं नाव परक्या माणसांसमोर एका सकाळीत पुसलं जाणार होतं. हे समजायला नववी पुरेशी होती.

अकराला दहा कमी असताना खैरनार मॅडम चहाघराच्या दाराशी आल्या. नवी साडी, कपाळावर घाम.

"वहिनी, चला. तुम्ही जवळ असलात की सरांना बरं वाटतं."

सर वर्गाबाहेर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात खडूचा डबा. आत भागवत टेबलावर काचेचं पसरट भांडं, पाण्याचा जग आणि अर्धा कापलेला बटाटा मांडून ठेवत होता. समोच्च रेषांचा तास होता. हा बटाटा सरांचाच. पहिल्या नोकरीत असताना आमच्या टोपलीतला उचलून नेला होता, तेव्हापासून दर वर्षी त्या तासाला आमच्या भाजीतला एक बटाटा कमी व्हायचा.

"सर, नुसतं सुरू करा," मॅडम म्हणाल्या. "दहा मिनिटं झाली की पुढचं भागवत बघेल. ते तुमच्या पद्धतीत बसतंच, विद्यार्थ्याला पुढं बोलावणं."

"हो," सर म्हणाले.

"पोरांना सांगून ठेवलंय. सगळी तुमच्या बाजूची आहेत."

"हो."

आत बाकं सरकली. कुणीतरी "सर आले, सर आले" म्हटलं आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. मला आवडला तो आवाज. सरांनी मात्र भिंतीला हात टेकला. त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब जमले.

"इंदू, वरचं तापमान नोंदवायचं राहिलं," ते म्हणाले. आणि खडूचा डबा माझ्या हातात देऊन जिना चढून गच्चीकडे गेले.

खैरनार मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी डब्याकडे.

"जा ना वहिनी, आणा त्यांना खाली."

पण तेवढ्यात समितीच खाली हजर झाली. पुढं नाडगौडा मॅडम, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. मागं प्राचार्य उगले, काखेत फायली. सकाळपासून त्यांचा हा तिसरा विभाग होता. नाडगौडा मॅडमनी ओळखपाळख काही करू दिली नाही. ओठांवर बोट ठेवलं, मागच्या दारानं वर्गात शिरल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

"चालू द्या सर, चालू द्या," उगले मागून म्हणाले. "आम्ही नाहीच असं समजा."

टेबलापाशी भागवत होता. हातात बटाटा. त्यानं खैरनार मॅडमकडे बघितलं. खैरनार मॅडमनी पंख्याकडे बघितलं. वर्गातली सगळी पोरं भागवतकडे बघत होती, आणि एकाचाही चेहरा हलला नाही. आजवर इतका शिस्तीचा वर्ग त्या इमारतीनं पाहिला नसेल.

भागवत टेबलाच्या पुढं आला.

"हा काय आहे?" त्यानं बटाटा वर धरला.

"बटाटा!"

"जेवायच्या वेळेला. आत्ता काय आहे?"

"डोंगर," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"हां. आता हा डोंगर कागदावर न्यायचाय. कागद तर सपाट. मग काय करायचं, कुटायचा?"

वर्ग हसला. भागवतनं बटाटा सपाट बाजूनं भांड्यात ठेवला, जगातलं पाणी बोटभर ओतलं. पाण्यात नीळ टाकलेली होती. पाणी जिथं टेकलं तिथून चाकूच्या टोकानं बटाट्याभोवती ओरखडा काढला. आणखी बोटभर पाणी, आणखी एक ओरखडा. असं करत डोंगर माथ्यापर्यंत बुडवला, मग पाणी काढून टाकलं आणि एकेकाला पुढं बोलावून वरून खाली बघायला लावलं.

"काय दिसतं रे?"

"गोल गोल, सर. एकात एक."

"इकडच्या अंगाला रेषा कशा?"

"चिकटून चिकटून."

"तिथून चढशील का?"

"नाही सर, दम लागंल."

"तुला ग्रंथालयाचा जिना चढताना पण लागतो. का दम लागेल ते सांग."

मी मागच्या दारातून बघत होते. नाडगौडा मॅडम लिहायचं सोडून उभ्या राहिल्या, आणि शेवटी त्यासुद्धा रांगेत लागल्या बटाटा बघायला. शब्द सरांचे होते, हातवारे सरांचे होते, थांबायच्या जागासुद्धा सरांच्या होत्या. पण तो ग्रंथालयाचा जिना भागवतचा होता. आणि शिकवत तो होता, हे काही केल्या नाकारता येत नव्हतं.

मी गच्चीवर गेले.

सर तापमापकाच्या पांढऱ्या पेटीपाशी होते. पेटी उघडी होती आणि ते आत बघत उभे होते. नोंद कधीच झालेली असणार.

"आले ते?" त्यांनी विचारलं.

"आले. बसलेत."

"कोण घेतंय?"

"भागवत."

"बटाटा?"

"बटाटाच."

"पाण्यात नीळ टाकली का? नाहीतर मागच्यांना दिसत नाही."

"टाकलीय."

त्यांनी पेटीचं दार लावलं, कडी घातली, पुन्हा काढली.

"घसा दुखतोय का?" मी विचारलं.

"हो. जरा."

असं आम्ही दीड वर्ष बोलत होतो. मला माहीत होतं, कधीपासून. सगळं बंद होतं त्या काळात सर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून शिकवायचे. पडद्यावर नुसती नावं, काळ्या चौकटी. चेहरे दिसत नाहीत म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नाही. रेंज नसते पोरांना, म्हणायचे. एक दिवस मी पलीकडे भाजी निवडत होते. त्यांनी नदीच्या वळणांवर तासभर जीव तोडून शिकवलं. कणकेचा गोळासुद्धा माझ्याकडून मागून घेतला होता. शेवटी विचारलं, कुणाला शंका? कुणी बोललं नाही. त्यांनी एकेकाचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. सगळी नावं संपली. मग ते हळूच म्हणाले, "कुणी आहे का?" आणि वाट बघत बसले. नावं तशीच होती. माणूस एकही नव्हतं. हजेरी लावून सगळी उठून गेली होती, कधी, ते देव जाणे.

मी तेव्हा उठून काहीतरी बोलायला हवं होतं की गप्प बसायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी भाजी फोडणीला टाकली. पुढं विद्यापीठ उघडलं, आणि पहिल्याच दिवशी सर घरी येऊन म्हणाले, घसा बसलाय.

"तू जा खाली," ते गच्चीवर मला म्हणाले. "पाहुण्यांचं बघ. मी येतो."

खाली तास सुटला होता. दारात नाडगौडा मॅडमनी भागवतचा हात दोन्ही हातांत धरला होता.

"ढाकणे सर, फार दिवसांनी असा तास बघितला. फार म्हणजे फार."

भागवतनं तोंड उघडलं.

"चहा घेऊ या ना मॅडम," खैरनार मॅडम मधे पडल्या. "वहिनींनी शंकरपाळ्या आणल्यात. या सरांच्या घरून आल्यात, मुद्दाम."

नाडगौडा मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भागवतकडे. भागवत तेव्हा छत्तीस-सदतीसचा. माझे निम्मे केस पिकलेले.

"आई का?" त्यांनी प्रेमानं विचारलं.

भागवतचे कान लाल झाले. गफूरभाई ट्रे घेऊन चालले होते, त्यांच्या कपबशा वाजल्या. मी म्हटलं, "आईसारखीच." खोटंही बोलले नाही आणि खरंही. त्या दिवशी तेवढंच जमत होतं.

खैरनार मॅडमच्या केबिनमध्ये सगळे बसले. तडा गेलेली बशी उगल्यांकडे गेली आणि त्यांनी खरंच बघितली नाही. त्यांनी आता कुठं फाईल उघडली होती. वर सरांचा रुजू होतानाचा फोटो, मिशी, बारीक अंग. भागवतलाही मिशी होती.

"फोटो बराच जुना दिसतो," उगले म्हणाले. मग पान उलटून, "पस्तीस वर्षं सेवा? सर, पाळण्यातूनच रुजू झालात का?"

सगळे हसले. खैरनार मॅडम सगळ्यात जास्त हसल्या. नाडगौडा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शंकरपाळी परत ताटलीत ठेवली.

"किती वय आपलं?" त्यांनी भागवतला विचारलं.

उत्तर यायच्या आत दारात सर आले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. खोलीतले आम्ही सगळे उभे राहिलो, सवयीनं. भागवत तर भिंतीला जाऊन टेकला. समितीतले दोघे तेवढे बसून राहिले.

"या ना, बसा," नाडगौडा मॅडम म्हणाल्या. "तुम्ही याच विभागातले?"

"हो."

"मग भाग्यवान आहात. तुमच्या ढाकणे सरांचा तास बघून आलो आत्ता. साधा बटाटा हो! मी चाळीस वर्षं समोच्च रेषा फळ्यावर काढून शिकवल्या. आज वाटलं, पोरांनी नुसत्या उतरवून घेतल्या असणार माझ्याकडून."

सर खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांचा चेहरा मी दीड वर्षात तसा बघितला नव्हता. भूक लागलेल्या माणसासारखा.

"पोरं पुढं आली का?" त्यांनी विचारलं. "आपणहून?"

"रांग लागली होती."

"मागच्या बाकावरची?"

"तीसुद्धा. आणि मीसुद्धा."

"हसली का?"

"हसली की. जिन्याचं काहीतरी म्हणाले सर, तेव्हा तर फारच."

"जिन्याचं?" सरांनी भागवतकडे बघितलं. "ते माझ्यात नव्हतं."

भागवत भिंतीपासून पुढं आला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी भागवत जोगदंड. तासिकेवर आहे. ढाकणे सर हे आहेत."

उगल्यांनी कप बशीत ठेवला तो जरा जोरात, आणि बशी तिच्या तड्यावर दुभंगली. चहा फायलीवर गेला. गफूरभाई फडकं घेऊन धावले. त्या गडबडीचा तेवढा एक आधार मिळाला सगळ्यांना.

"आज अचानक सरांना बरं वाटेना म्हणून," खैरनार मॅडम भराभर बोलू लागल्या. "बीपी. ऐन वेळी झालं. सांगणारच होतो आम्ही, पण तुम्ही थेट वर्गात..."

"आज?" नाडगौडा मॅडमनी विचारलं.

"आजच."

"हो, आज सकाळपासूनच," मी म्हटलं. "घसा पण."

"खडूची धूळ," गफूरभाई फायली पुसत म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नाडगौडा मॅडम भागवतकडे वळल्या. "तुमचं नाव का नाही पाठवलं?"

"आमचं नाही पाठवता येत, मॅडम. तासिकेवाले नियमात बसत नाहीत."

"म्हणजे मी आज जे बघितलं त्याला पुरस्कार देता येत नाही. आणि ज्यांना देता येतो त्यांचं मी बघितलेलं नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. आवाजात राग नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. "ठीक आहे. आजारपण कुणाला चुकलंय? ढाकणे सर, हा वर्ग दुपारी दोनला मोकळा असतो का? आम्ही थांबतो."

गफूरभाईंनी फुटक्या बशीचे तुकडे गोळा केले.

"नाहीतर उद्या येऊ. परवा. बरं वाटेल तेव्हा. तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय, की मला खरंच बघायचंय. तुम्ही फक्त दिवस सांगा."

खैरनार मॅडमनी डोळे मिटून घेतले. भागवत म्हणाला, "सर, मी आत थांबतो की. तुमच्या शेजारी उभा राहतो." आणि मग गप्प झाला, कारण हे आम्ही आधी करून बघितलं होतं.

सर टेबलावरच्या शंकरपाळ्यांकडे बघत होते. पुढं केलेला प्रत्येक दिवस त्यांना एकेक करून मारत होता, आणि ती बाई बिचारी प्रेमानंच पुढं करत होती.

शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यांच्या पत्नी, हो ना? मघाशी मी काहीतरीच बोलले, माफ करा. तुम्ही सांगा बाई. काय होतंय यांना?"

माझ्या जिभेवर घसाच होता. तो इतका सवयीचा झाला होता की आपोआप आलाही असता. मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली. मॅडमकडे नाही, भागवतकडे नाही. खोलीत दुसरं कुणी नसल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा आवाज घरातल्यासारखा, अगदी स्वच्छ निघाला. घशाला काही म्हणता काही झालेलं नव्हतं.

"इंदू," ते म्हणाले, "मला भीती वाटते गं. पोरांची."